चुन्याची निवळी

ओल्या चुन्याला वास असतो. कुणाला सांगितलं तर पटत नाही, कारण तो मोगऱ्यासारखा समोरून येत नाही की फोडणीसारखा घरभर हिंडत नाही. नाकाच्या आत कुठंतरी कोरडं होतं, पान न खाताच जिभेच्या मुळाशी पान खाल्ल्यासारखं वाटतं, आणि मग बऱ्याच वेळानं, तापलेल्या भिंतीवर कुणी तांब्याभर पाणी मारावं आणि आपण शेजारी उभं असावं, तसा एक गरम-गार वास येऊन गेल्याचं कळतं. आला तेव्हा कळत नाही, गेल्यावर कळतं. हा वास मी अर्ध्या झोपेतही ओळखीन. पण तो जिथं भेटला तिथं भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. न्यू जर्सीतलं एडिसन गाव, लेकाचं घर, जानेवारीतली संध्याकाळ, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत दिवाणखान्यात काचेच्या पेटीत उजळलेला निळा समुद्र.

लेकाला हा नाद कुठून लागला कोण जाणे. माहेरी काय नि सासरी काय, आमच्यात समुद्र कुणाच्या वाट्याला आलेला नाही. माझं माहेर जनवाडा, बीदरहून औरादकडं जाताना लागतं ते. पाणी म्हणाल तर मांजरा नदी आणि विहिरी. शाळेच्या सहलीत मुंबईला गेले तेव्हा मी समुद्र पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्या समुद्राची मला भीतीच वाटली. लक्षात राहिलं ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयातलं काचेमागचं पाणी. ते गप्प होतं आणि त्याला चौकट होती. घाबरलेल्या पोरीला चौकट बरी वाटते.

लेकाच्या पेटीत 285 लिटर पाणी मावतं. लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे जवळजवळ दहा किलो मीठ त्या पेटीत विरघळलेलं. आमच्या घरी वर्षाच्या लोणच्यालाही इतकं लागत नसे. त्यात खडक, खडकावर प्रवाळाचे तुकडे, कुणी जांभळं, कुणी गवती हिरवं, आणि त्यांच्यातून ये-जा करणारे चार मासे. आपल्याकडं हे घरात ठेवता यायचं नाही. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेलं आहे. तिकडं मात्र शेतात वाढवलेले त्याचे तुकडे दुकानात मिळतात, आपल्याकडं तुळशीचं रोप मिळावं तसे. दिवेलागणीला पेटीतला पांढरा उजेड हळूहळू निळा होत जाई. मी तिथंच खुर्ची ओढून बसायची. देवापुढं बसल्यासारखं नव्हे, पण विहिरीच्या काठावर बसल्यासारखं नक्की.

एका संध्याकाळी खडकाच्या सांदीत मला ते दिसलं. करंगळीएवढं, तपकिरी, पण आरपार दिसेल इतकं पातळ. देठावर उभं आणि वर बारीक बोटांचं चक्र पसरलेलं. पाण्याची लाट आली की बोटं एका बाजूला झुकत, लाट गेली की पुन्हा सरळ. ज्वारीच्या पिकातून वारा जातो तेव्हा असंच होतं. मी लेकाला हाक मारली, म्हटलं, हे बघ काय सुरेख उगवलंय.

त्याचा चेहरा पडला. "आई, सुरेख कसलं. तण आहे ते."

तण! एडिसनमधल्या त्या गरम केलेल्या घरात, बर्फाच्या मधोमध, हा शब्द त्याच्या तोंडून आला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्याचं नाव ऐप्टेशिया. समुद्रफुलांच्या जातीतलं, काचेसारखं दिसतं म्हणून काचेचं समुद्रफूल. कुणी ते विकत आणत नाही. नवा खडक आणला की त्याच्या भोकात दडून येतं, लग्नाच्या वऱ्हाडात न बोलावलेला पाहुणा येतो तसं, आणि मग जात नाही. शेजारच्या प्रवाळाला त्याच्या बोटांचा डंख बसतो, प्रवाळ अंग चोरतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी एक काचेचं फूल उभं राहतं. लेकानं आधी चिमट्यानं ओढून पाहिलं होतं, मग चिडून पात्यानं खरवडलं होतं. महिन्याभरात पाचाची वीस झाली. त्याच्या पायाचा कणभर तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं उभं राहतं. नुसतं सरकत गेलं तरी वाटेत पायाचे कण टाकत जातं, आणि तेही उगवतात.

"हरळी," मी म्हटलं.

लेकाला कळलं नाही. त्यानं हरळी पाहिली असेल ती गणपतीत दूर्वा म्हणून, जुडी बांधलेली. आमच्या आज्जीचं आणि हरळीचं आयुष्यभराचं वैर होतं. चैत्राच्या उन्हात, काळ्या रानात भेगा पडलेल्या असताना, ती बांधाकडच्या पट्ट्यात कुदळीनं खणायला लावायची आणि स्वतः मागं बसून ढेकळं फोडून हरळीच्या काशा वेचायची. पांढऱ्या, गाठीगाठींच्या, दोरीसारख्या लांब. मी घाईनं वरचं हिरवं ओढून टोपलीत टाकलं की ती माझ्या हातावर चापट मारायची. "वरून तोडलीस की हासती ती. काशी काढ, आन् उन्हाला दाखव." एक गाठ मातीत राहिली तर पहिल्या पावसात तिथंच हिरवा ठिपका. आणि हीच आज्जी भाद्रपदात पहाटे त्याच बांधावर जाऊन त्याच हरळीच्या तीन-तीन पात्यांच्या एकवीस दूर्वा खुडायची, पदरात जपून आणायची. यात काही विचित्र आहे असं तिला कधी वाटलं नाही. रानात ती हरळी होती, देवाजवळ दूर्वा.

काचेच्या फुलाचंही तसंच काहीसं आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म तपकिरी शेवाळं राहतात, उजेड खातात आणि घरमालकाला अन्न देतात. प्रवाळाचा संसारही असाच चालतो. फरक इतकाच की प्रवाळ नाजूक आणि हे चिवट, म्हणून प्रवाळाचं कोडं सोडवायला शास्त्रज्ञांनी यालाच हाताशी धरलं. प्रयोगशाळांतून ते मुद्दाम वाढवतात, 2015 साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून काढला. लेकानंच मला हे सांगितलं, आणि सांगता सांगता खडकाकडं अशा नजरेनं पाहिलं की मला हसू आवरेना.

उपाय त्यानं बरेच करून पाहिले होते. लिंबाचा रस, उकळतं पाणी. याला खाणारी पेपरमिंट नावाची कोळंबी मिळते म्हणून चार आणल्या, तर दुकानदारानं पाठीवर पोक असलेल्या दुसऱ्याच कोळंब्या दिल्या. त्यांनी फुलाला शिवलंही नाही, प्रवाळ मात्र कुरतडलं. एक बिनशंखाची इवलीशी गोगलगायही असते, बर्घिया. ती या फुलाशिवाय जगात दुसरं काही खातच नाही. फुलं संपली की तीही उपाशी मरते, म्हणून लोक वेळेवर ती काढून पुढच्या गरजवंताला देतात. मला ही गोष्ट आवडली नाही. त्या गोगलगायीचा फोटो लेकानं दाखवला, फिकट, पाठीवर मऊ पिसं पेरल्यासारखी. दिवसभर ती डोळ्यापुढून हलेना. आपलं अन्न संपवणं हेच जिचं काम, तिला घरात आणायला मन होईना. लेकाला म्हटलं, हे नको.

मग त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात एक पुडा घेऊन आला. पांढरी पूड. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, जसं काही दारूगोळाच उघडायचाय. वाटीत पूड घेतली, थेंब थेंब पाणी घालून कालवली, इडलीच्या पिठाएवढी दाट होईपर्यंत. आणि मला तो वास आला.

मी ओट्याजवळ उभी होते. भाजी चिरायची तशीच राहिली.

"हे काय आहे रे?"

"कॅल्शियम हायड्रॉक्साइड. जर्मन लोक याच्या पाण्याला काल्कवासर म्हणतात. प्रवाळवाले रोज वापरतात."

"चुना आहे," मी म्हटलं. पुड्याची किंमत विचारली. त्यानं डॉलरमध्ये सांगितली. म्हटलं, बाबा रे, यालाच आपल्याकडं चुना लावणं म्हणतात! तो हसला, आणि हसता हसता त्यानं वाटी माझ्याकडं सरकवली. मी वाकून पुन्हा वास घेतला.

नवरात्राच्या आधी दसरा काढायचा असे. घरातली भांडी, गोधड्या, वाकळा, सगळं मांजरेवर जाई, आणि इकडं अंगणात फुटक्या रांजणात कळीचा चुना विरवायला घालत. पांढरे, हलके, कोरडे दगड. आज्जी लांबूनच तांब्यानं पाणी ओती आणि आम्हा पोरांना ओसरीवर पिटाळी. क्षणभर काहीच होत नसे. मग आतून चुरचुर, मग फसफस, मग रांजणाच्या पोटात कुणीतरी गुरगुरल्यासारखा आवाज, आणि दगड आपोआप फुटायला लागत. वाफ वर येई. विस्तव नाही, सरपण नाही, आणि पाणी उकळतंय, हे मला दरवर्षी नव्यानं खोटं वाटायचं. "हात नगं लावू गं, पोळंल." गल्लीत त्या दिवसांत घराघरातून हाच आवाज आणि हाच वास. शेजारची कानडी बाई त्याला सुण्णा म्हणायची, पलीकडची चाची चूना, आम्ही चुना, आणि भिंती सगळ्यांच्या सारख्याच पांढऱ्या व्हायच्या. नीळ जरा जास्त पडली तर आमची निळसर.

दोन दिवसांनी रांजणातला चुना खाली बसे आणि वर स्वच्छ पाणी राही, ती निवळी. तिच्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा धरायचा, बोटानं मोडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आज्जी म्हणायची, वारा पितंय ते. लेकाच्या बाटलीतल्या निवळीवरही तोच पापुद्रा होता. त्यानं मला कारण सांगितलं: हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगड होऊ पाहतो. म्हणजे आज्जीचं बरोबरच होतं. वारा पितंय ते.

पंप बंद केले. इतके दिवस घरात भरून राहिलेली घरघर थांबली आणि पाणी थबकलं. प्रवाळाची झुलणारी बोटं जागच्या जागी उभी राहिली. लेकानं बोथट सुईच्या पिचकारीत चुना भरला आणि हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, अगदी सावकाश. मी काचेला नाक लावून पाहत होते. फुलाला चाहूल लागली की ते अंग मिटून भोकात शिरतं, आणि फारच छेडलं तर डंखाचे पांढरे धागे बाहेर फेकतं, मग सगळं फुकट. सुईचं टोक बोटांच्या चक्राच्या वर येऊन थांबलं. एक श्वास. मग चुन्याचा एक जाड थेंब सुटला, पाण्यात जरासा लोंबला, आणि चक्राच्या बरोब्बर मध्यावर, जिथं त्याचं तोंड असतं तिथं बसला. बोटं आत वळली. अन्न समजून त्यानं तो घेतला. मग दुसरा थेंब, तिसरा, देठापर्यंत सगळं पांढऱ्याखाली गेलं. खडकावर बर्फाची एक चिमुकली टेकडी राहिली.

ते मेलं असेल हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी मान वळवली नाही, कारण तेवढ्यात मला माझा अंगठा आठवला होता.

सात-आठ वर्षांची असेन. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चामखीळ उगवली होती. मी ती दातांनी तोडायची, रक्त यायचं, पुन्हा उगवायची, शेजारी दुसरी घेऊन. एका दुपारी आज्जीनं मला समोर बसवलं. पानाच्या डब्यातला चुना आणि कणभर पापडखार तिनं शिंपल्यात कालवला. चामखिळीभोवती तूप फिरवलं, चांगल्या कातड्याला झळ लागू नये म्हणून. मग फड्याची एक काडी मोडून तिच्या टोकावर राईएवढा चुना घेतला. तिचा हात कापायचा एरवी, चहाची बशी धरली तरी. त्या वेळी कापला नाही. "हालू नगं. भ्यालं की तेबी आत शिरतंय." काडी खाली आली. चुना बसला. आधी गार, मग मुंगी चावल्यासारखं, मग आत कुठंतरी बारीक निखारा. मी रडले नाही, कारण ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती फक्त त्या राईएवढ्या पांढऱ्या ठिपक्याकडं बघत होती, ओठ मिटून, श्वास धरून. माझ्या अख्ख्या जिवाकडं तिनं कधी इतकं लक्ष देऊन पाहिलं असेल असं वाटत नाही. घरात अकरा माणसं होती. कुणाकडं कधी बघणार?

आणि आता लेकाचा चेहरा काचेच्या पलीकडून मला दिसत होता. ओठ मिटलेले, श्वास धरलेला. त्यानं आज्जीला पाहिलेलंही नाही.

एका वेळी चार-पाचच करायची असतात. चुना जहाल असतो. जास्त झाला तर पेटीतल्या सगळ्या पाण्याचा गुण बदलतो आणि ज्यांना वाचवायचं तेच मरतात. पाव तास थांबून त्यानं बारीक नळीनं पांढऱ्या ढिगल्या ओढून काढल्या, पंप सुरू केले. मग दर तीन-चार दिवसांनी आमचा हा कार्यक्रम. चुना मी कालवायची. लेकाला नवल वाटे, कारण माझा चुना पाण्यात विखरत नसे. त्यात शिकायचं काय, पाणी बेतानं घालायचं. त्याला हेही सांगितलं की चुना उलट्या स्वभावाचा असतो, साखर-मिठासारखा गरम पाण्यात जास्त विरघळत नाही, गार पाण्यात विरघळतो. हे आज्जीला माहीत होतं का? तिनं निवळी नेहमी माठातल्या पाण्यात केली, एवढं मला माहीत आहे.

नातू अकराचा. तो एका संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्या खुर्चीजवळ आला. "आज्जी, तुझ्यासारखी एक आज्जी होती. समुद्रफूल." 1828 साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सर जॉन डॅलिएल यांनी एक समुद्रफूल उचललं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलिएल 1851 साली गेले, बरणी दुसऱ्याच्या हाती गेली, मग तिसऱ्याच्या, आणि फूल जगतच राहिलं. शेकडो पिल्लं झाली. लोकांनी तिचं नावच ग्रॅनी ठेवलं, आज्जी. 1887 साली ती गेली. मी हिशेब केला: 59 वर्षं एका बरणीत. नातवाला विचारलं, ती कुणाला डंख मारायची का रे? तो म्हणाला, पुस्तकात लिहिलं नाही.

रात्री झोप येईना तेव्हा मी पेटीजवळ येऊन बसे. दिवे मालवलेले, फक्त पाण्याचा आवाज. मला माझ्या माहेरच्या जमिनीचा विचार येई. तिथं समुद्र नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण ओसरीवर जी शहाबादी फरशी होती, जिच्यावर मी रांगले, जिच्यावर उन्हाळ्यात ओलं फडकं फिरवून आम्ही ओळीनं झोपायचो, ती आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली, चुनखडीची. पन्नास कोटी वर्षांहूनही जुन्या एका उथळ समुद्राच्या तळाचा गाळ. त्या समुद्रात मासाही नव्हता, प्रवाळही नव्हतं. आम्ही समुद्राच्या तळावर झोपत होतो आणि तो आमच्या पाठीला गार लागत होता. बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं नक्षीकाम आहे, सोळाव्या शतकातलं. आज्जीनं ते एकदा पाहिलं होतं आणि घरी येऊन सांगितलं होतं की चंद्र फोडून बसवलाय. शिंपला तरी वेगळा कुठं आहे, तोही चुनाच. लेकाच्या पेटीतलं प्रवाळ निवळीतला चुना घेऊन आपलं हाड बांधतं, आणि त्याच चुन्याच्या थेंबाखाली त्याच्या शेजारचं काचेचं फूल विरतं. हे सगळं अंधारात आठवत बसायचं. कुठं जोडायचं असं नाही.

मार्चअखेर मी परतले. निघताना खडकावर एकही फूल दिसत नव्हतं. लेक म्हणाला, दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. हरळीवाल्यांचा नातू शोभला.

जनवाड्याला गेले ते उन्हाळ्यातच. भावानं घराला आता रंग दिलाय, भिंतींवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. पण मधल्या खोलीतली देवळी तशीच आहे, तिच्यात चिमणी ठेवायचो त्या वेळची, आतून काजळलेली, आणि काजळीखाली चुन्याचे थर. मी नखानं खरवडलं. एक पापुद्रा निघाला, त्याखाली निळसर, त्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा निळसर. दर वर्षाचा एक दसरा. मी तोंड आत घातलं आणि वास घेतला.

काही नाही. इतक्या वर्षांत चुना वारा पिऊन पिऊन दगड झाला होता.

तळहातावर पाणी घेऊन बोटं ओली केली, भिंतीला लावली, पुन्हा वाकले.

"अक्का, काय करायलाव तिथं?" भावजयीनं चुलीकडून हाक दिली. "चहा गार व्हायलाय."

"आले," म्हटलं. बाहेर आले तर ती माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसायला लागली. नाकाच्या शेंड्याला चुना लागला होता.